जरा ढिलंच ठेवा

पिकअपचं बेअरिंग गेलंय हे ड्रायव्हर सोडून बाकी सगळ्यांना आधी कळतं. आमच्याकडे ते बायकोला कळलं. "गाडीत पिठाची गिरणी बसवलीय का हल्ली?" तिनं विचारलं. अशा वेळी टेपचा आवाज वाढवणं हा आमच्या भागातला मान्यताप्राप्त प्रथमोपचार आहे. त्यानं काही आठवडे गुणही येतो.

पुढे निदानाची पाळी येते. टोमॅटोचे क्रेट भरून नारायणगावच्या मार्केटला निघालो की शेजारचे तात्या डोळे मिटून ऐकत बसायचे आणि "डिफरन्शियल गेलं" म्हणून निकाल द्यायचे. अण्णांचं मत टायरवर होतं. वास्तविक परीक्षा सोपी आहे. आवाज इंजिनाच्या नव्हे, गाडीच्या वेगाबरोबर वाढतो. स्टिअरिंग डावीकडे घेतलं की भार उजव्या चाकावर जातो. तेव्हा गुरगुर वाढली तर गुन्हेगार बहुधा उजवीकडचा. जॅक लावून चाक वरून आणि खालून धरून हलवलं, तर कटकट हाताला लागली. तात्यांनी डिफरन्शियलचा आग्रह तरीही सोडला नाही.

गॅरेजवाला म्हणाला, "सोमवारी या." कुठल्या सोमवारी, ते म्हणाला नाही. म्हणून काम अंगणात आलं.

अंगणात गाडी खोलण्याचा तोटा असा की गाडीपेक्षा प्रेक्षकच जास्त जमतात. मागच्या चाकांना दगड लावले, चासीखाली स्टँड दिले, कॅलिपर काढून तारेनं टांगला, तोवर ओटा भरला होता. अण्णांनी उद्घाटनाचं भाषण केलं. "आमच्या बैलगाडीच्या आखाला वंगण घातलं की वर्ष निघायचं. बेअरिंग कधी लागलं नाही." खरंय, पण बैलगाडी आळेफाट्याच्या वळणावर साठच्या वेगानं वळतही नव्हती. वळताना चाकावर आडवा रेटा येतो, आणि त्याच्यासाठीच या बेअरिंगचे रोलर निमुळते आणि तिरके बसवलेले असतात. ही कल्पना 1898 साली अमेरिकेत हेन्री टिमकेन नावाच्या माणसानं पेटंट केलं. तो स्वतः घोडागाड्या बनवणारा. म्हणजे गाडीवाल्यालाच त्याची गरज कळली होती. अण्णांना हे सांगितल्यावर ते म्हणाले, "घोड्याची गोष्ट वेगळी."

हब उतरवला. काळंकुट्ट ग्रीस डिझेलनं धुऊन कपावर, म्हणजे बेअरिंगच्या बाहेरच्या कड्यावर, आतून बोट फिरवलं, तर बारीक खड्डे. आमचा रस्ता बेअरिंगनं जसाच्या तसा उतरवून घेतला होता. जुना कप पंचानं एकदा इकडून, एकदा तिकडून ठोकत काढायचा; एकाच बाजूनं ठोकला तर तो तिरका होऊन रुसून बसतो.

नव्या कपासाठी एक युक्ती आहे: रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवायचा. साठ मिलिमीटरचा पोलादी कप पन्नासेक अंशांनी गार झाला की साधारण 0.03 मिलिमीटर आकसतो. एवढ्याशा फरकानं तो हबमध्ये मुकाट्यानं शिरतो. सकाळी बायकोनं मटारची पिशवी काढायला फ्रीझर उघडला आणि तिच्या हाती तेलकट कागदात गुंडाळलेला लोखंडी गोळा लागला. 0.03 मिलिमीटरचा हिशोब मी तिला समजावून सांगितला. तिनं जे ऐकवलं त्याचं माप मिलिमीटरमध्ये नव्हतं.

ग्रीस भरणं हे या कामातलं खरं सुख. डाव्या तळहातावर लिंबाएवढा गोळा घ्यायचा आणि बेअरिंगची रुंद कडा त्यात दाबत, ओढत राहायची. थोड्या वेळानं रोलरांच्या फटींतून पलीकडे ग्रीसचे छोटे छोटे किडे डोकं काढतात. मगच ते भरलं असं समजायचं; वरून नुसतं चोपडलेलं चालत नाही. याच क्षणी खिशातला फोन वाजतो. घेऊ नका. व्यापाऱ्याचा असला तरी.

शेवटी नट. "आवळ, आवळ अजून, चाक निघून जाईल," असा ओट्यावरून एकमुखी ठराव झाला. आपल्याकडे घट्ट म्हणजे मजबूत अशी सगळ्यांची श्रद्धा आहे. हे बेअरिंग मात्र त्या श्रद्धेनंच मरतं: आवळून टाकलं की तापतं, निळं पडतं, जाम होतं. चाक फिरवत फिरवत नट आवळायचा, म्हणजे रोलर आपापल्या जागी बसतात; मग तो सैल सोडायचा आणि नुसत्या बोटांनी टेकवायचा. कॉटर पिनेचं भोक नटाच्या खाचेशी जुळलं नाही तर किंचित मागे घ्यायचा, पुढे नाही. चाकाला नावापुरता ढिलेपणा राहिला पाहिजे. मी नट मागे घेतला तेव्हा तात्या ओट्यावरून उठून सुरक्षित अंतरावर जाऊन उभे राहिले.

नंतर मार्केटपर्यंत चक्कर मारून हबला हात लावून पाहिला, कोमट होता. आवाज गेला. तात्यांच्या मते तो डिफरन्शियलचा आपोआप गेला.

तुम्ही करणार असाल तर एवढं ऐका. जुनी कॉटर पिन पक्कडीनं सरळ करून पुन्हा घालायचा मोह प्रत्येकाला होतो. नवी पाच-दहा रुपयांत मिळते. आपलंच चाक आपल्या पुढे पळताना बघायची हौस नसेल, तर नवीच घाला.