चूल विझवा म्हणणाऱ्या आहारगुरूंना खुले पत्र

कट्टा, ता. मालवण, जि. सिंधुदुर्ग

महाशय,

तुमचे नाव मी या पत्रात लिहीत नाही. मिक्सर, माइक आणि पांढरा कुडता घेऊन गावोगाव शिबिरे भरवणारे तुम्ही एकटे राहिलेला नाहीत, तेव्हा हे पत्र तुमच्या सगळ्या गोतावळ्याला आहे. आमच्या भागातून तुमच्या शिबिराला गेलेल्या बायकांनी तुमचे बोलणे वहीत उतरवून आणले. त्या वह्या मी वाचल्या. शिजवलेले अन्न मेलेले असते, ते खाणाऱ्याचे शरीरही आतून मरत जाते. मासे-मटण खाणाऱ्याचे पोट म्हणजे स्मशान, त्याची प्रार्थना देवापर्यंत पोचत नाही. फळे, मोड आलेली कडधान्ये आणि पाल्याचा रस एवढ्यावर राहिलात, तर साखरेच्या आणि रक्तदाबाच्या गोळ्या सुटतात. प्रत्येक वहीत या तीन वाक्यांखाली रेघा ओढलेल्या आहेत. बोलण्याची हातोटी तुमच्याकडे आहे, हे मान्य करायलाच हवे.

माझ्या मामीच्या वहीत त्या रेघा दुहेरी आहेत. मामीला साखर बरीच वर्षे होती, गोळ्यांनी आवाक्यात होती. शिबिराहून आली आणि तिने आधी बांगडा सोडला, मग दूध, मग सकाळची पेज, आणि शेवटी गोळ्या. पहिले काही महिने वजन उतरले तेव्हा तुमच्या लोकांनी तिला पुढे बसवून टाळ्या वाजवल्या. दोन पावसाळे गेल्यावर ती म्हणायला लागली, "पायाक मुंग्यो येतत गो, चप्पल सुटलां तरी कळणा नाय." तुमच्या शिबिराच्या माणसाला फोन केला तर उत्तर आले, शरीरातले विष बाहेर पडत आहे, घाबरू नका. डॉक्टरांनी रक्त तपासले. साखर भडकलेली आणि बी-१२ तळाला गेलेले. पायांचे नुकसान साखरेने किती केले आणि बी-१२ च्या अभावाने किती, हे आता वेगळे काढता येत नाही, असे ते म्हणाले. तुम्हाला मात्र ते वेगळे काढायची गरज नाही. दोन्ही तुमच्याच सल्ल्यातून आले.

हे अज्ञानातून झाले असे म्हणावे, तर तुम्ही स्वतःला आहारतज्ज्ञ म्हणवता. बी-१२ हे जीवनसत्त्व कोणतीही वनस्पती तयार करत नाही. ते जिवाणू तयार करतात आणि मासे, अंडी, दूध, मांस यांतून आपल्याला मिळते. यकृतात त्याचा साठा असतो, म्हणून खाणे सोडल्याबरोबर काही बिघडत नाही. तुमच्या टाळ्यांचा काळ तोच. साठा संपला की रक्त कमी होते, हातापायांना बधिरपणा येतो, विसराळूपणा वाढतो, आणि उपचाराला उशीर झाला तर मज्जातंतूंचे नुकसान भरून येत नाही. त्यातून मधुमेहाला सर्रास दिली जाणारी मेटफॉर्मिन ही गोळी वर्षानुवर्षे घेणाऱ्यांचे बी-१२ आधीच खाली आलेले असू शकते. अशा बाईला तुम्ही दूधही तोडायला लावलेत आणि बी-१२ ची गोळी घ्या एवढे चार शब्द बोलला नाहीत.

ते शब्द जगातले प्रामाणिक व्हीगन बोलतात. ब्रिटनमध्ये डोनाल्ड वॉटसन आणि सोबत्यांनी 1944 मध्ये व्हीगन सोसायटी काढली, तेव्हा हे जीवनसत्त्व वेगळे काढलेलेही नव्हते. ते 1948 मध्ये निघाले. विज्ञान पुढे गेले तशी ती संस्थाही पुढे गेली. प्राणिजन्य काहीही न खाणाऱ्याने बी-१२ वरून घेतलेच पाहिजे, असे आज ती स्वतः सांगते. प्राण्यांच्या दयेपोटी कोणी सगळे सोडत असेल, ती गोळी घेत असेल आणि डाळ-भात शिजवून जेवत असेल, तर त्याच्याशी माझे भांडण नाही. त्याच्या दयेचा मला आदर आहे. तुमचा मला आदर नाही, कारण तुम्ही लोकांपासून लपवता.

आता तुमचे 'मेलेले अन्न'. तुम्ही कोकणात येऊन हे बोललात म्हणून विचारते: पावसाळ्यात परसात उगवलेल्या अळूचे पान कधी कच्चे चावून पाहिलेत का? त्यातले कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक घसा धरतात. म्हणून आमच्या आज्यांनी ते आंबट घालून, गाळ होईतो शिजवायला शिकवले. सुरणाचेही तेच. कुळथासारख्या कडधान्यात प्रथिने पचू न देणारे घटक असतात, ते आच लागल्यावर निष्प्रभ होतात, आणि मग कुळथाची पिठी आजाऱ्यालाही सोसते. आमचा उकडा तांदूळ घ्या. भात सालासकट उकडला की कोंड्यातले बी-१ दाण्यात मुरते आणि सडल्यावरही बरेचसे टिकते. आशियात पांढऱ्याशुभ्र सडीक तांदळावर जगणारी माणसे बेरीबेरीने लुळी पडत होती, तेव्हा उकडा खाणाऱ्यांना त्या रोगाने फारसे गाठले नाही. ज्या पेजेला तुम्ही मामीच्या वहीत 'विष' लिहायला लावलेत, तिची ही योग्यता.

आणि काजू. तुमच्या शिबिरात कच्च्या काजूचे 'चीज' आणि 'दूध' करून दाखवतात. महाशय, हा काजूचा मुलूख आहे. काजूच्या टरफलात कातडी भाजणारे तेल असते. ओले काजूगर सोलणाऱ्या आमच्या बायकांचे हात चैत्र-वैशाखात त्या चिकाने सोलवटतात. म्हणून कारखान्यात बी आधी वाफवतात किंवा भाजतात, मग फोडतात, आणि गर पुन्हा भट्टीत सुकवतात, तेव्हा त्याची साल सुटते. तुम्ही पाकीट फोडून जो 'जिवंत' काजू आम्हाला दाखवलात, त्याने दोनदा आग पाहिलेली असते. तुमच्या व्याख्येप्रमाणे तो कधीच मेला. वेंगुर्ल्याच्या कोणत्याही काजू कारखान्यातल्या बाईने तुम्हाला हे सांगितले असते, पण तुम्ही तिच्याकडे शिकायला आला नव्हता, तिला शिकवायला आला होता.

आम्ही कच्चे खात नाही असेही नाही. सोलकढीला आच लागत नाही. कोशिंबीर, आंबे, जाम, करवंदे, शहाळे हे सगळे आमच्या घरी तुमच्या शिबिराआधीपासून आहे. पण ताटातला एक भाग म्हणून आहे. फक्त कच्च्यावर राहणाऱ्यांचे काय होते, हे जर्मनीत गीसेनच्या संशोधकांनी 500 हून अधिक माणसांकडून माहिती घेऊन 1999 मध्ये प्रसिद्ध केले आहे. त्यात 45 वर्षांखालच्या सुमारे 30 टक्के स्त्रियांची पाळी अनियमित झाली होती किंवा पार थांबली होती. तुमच्या शिबिरात तरुण मुलीही बसल्या होत्या. त्यांना हे सांगितलेत?

मोड आलेली कडधान्ये कच्ची खा म्हणता. मोड ज्या उबेत आणि ओलाव्यात येतात, त्यातच जिवाणूही वाढतात. 2011 मध्ये जर्मनीत मेथीच्या कच्च्या मोडांतून आलेल्या ई-कोलायने 50 हून अधिक माणसे दगावली आणि हजारो आजारी पडली. पहाटे उपाशीपोटी दुधीचा रस प्या म्हणता. 2010 मध्ये दिल्लीत एका शास्त्रज्ञाचा कडू दुधीच्या रसाने मृत्यू झाला, त्यानंतर सरकारी तज्ज्ञांच्या समितीने कडू रस मुळीच पिऊ नये, म्हणून बजावले. तुमच्या पत्रकात मात्र 'कडू असला तरी औषध म्हणून घ्यावा' असे छापले आहे. ते पत्रक माझ्याकडे आहे.

मांसाहाराची बाजू मी डोळे मिटून घेत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2015 मध्ये सॉसेज, सलामी, बेकन यांसारखे प्रक्रिया केलेले मांस कर्करोगाला कारण ठरते असे जाहीर केले आणि मटण, डुकराचे मांस वगैरे तांबडे मांस बहुधा कारण ठरत असावे असे म्हटले. हे खरे आहे आणि गावात सांगायला हवे. शनिवार-रविवारी मालवणात येऊन एका बैठकीत कोंबडी, मटण, सुरमई, कोळंबी रिचवणाऱ्यांना सांगायला हवे. आमच्या घराघरांत रोजची ब्रॉयलर कोंबडी शिरली आहे, तिच्याबद्दल बोलायला हवे. पूर्वी सागोती, म्हणजे कोंबडी-मटणाचे कालवण, सणाला किंवा पाहुणा आला तर व्हायची. ती मर्यादा सुटली, हे नुकसानच आहे. खारवलेल्या सुक्या बांगड्यातले मीठ रक्तदाबाच्या माणसाला घातक, हेही सांगा. पण तुम्ही सलामी आणि तारली एकाच दोरीने बांधता. तारली-बांगड्यात ओमेगा-3 असते, उत्तम प्रथिने असतात, बी-१२ असते, ड जीवनसत्त्व असते. आठवड्यातून दोनदा मासे खा, असा सल्ला अमेरिकन हार्ट असोसिएशन देते. मजुरीवर जाणाऱ्या बाईला हे सगळे बाजारातल्या माशांच्या एका वाट्यात मिळते. तिच्या हातून तो वाटा काढून घेऊन तुम्ही तिला एव्होकॅडो, बदाम आणि चिया दाखवलेत. ते विकत घ्यायचे कशाने, हे तुमच्या वहीत लिहिलेले नाही.

तुमच्या मागे भिंतीवर गांधीजींचे चित्र असते म्हणून त्यांच्याबद्दल. त्यांनी 1912 मध्ये दूध सोडले. 1918 च्या मोठ्या आजारपणात ते खंगले, आणि शेवटी कस्तुरबांनी सुचवलेले शेळीचे दूध घेऊ लागले. आपण व्रताचा शब्द पाळला आणि आत्मा घालवला, ही बोच त्यांनी आत्मकथेत उघड मांडली आहे. 1929 मध्ये त्यांनी न शिजवलेल्या अन्नाचा प्रयोग केला, 'यंग इंडिया'त त्याबद्दल लिहिले, आणि आमांशाने आजारी पडल्यावर तो थांबवला. पुण्याजवळ उरुळी कांचनला 1946 मध्ये त्यांनी निसर्गोपचाराचे काम सुरू केले. ते सांभाळणाऱ्या मणिभाई देसाईंनी पुढे 1967 मध्ये 'बाएफ' ही संस्था उभारून गावोगावच्या गाई सुधारल्या, शेतकऱ्याच्या घरी दूध वाढवले. गांधींनी प्रयोग स्वतःच्या देहावर केले आणि फसले ते छापले. तुम्ही प्रयोग माझ्या मामीवर केलात आणि फसला तेव्हा फोन उचलणे बंद केलेत.

अध्यात्मावर तुम्ही सर्वांत जास्त बोललात आणि सर्वांत जास्त दुखावलेत. अहिंसा ज्यांनी टोकापर्यंत नेली त्या जैन साधूंचे पाहा. ते कच्चे, सचित्त म्हणजे सजीव अन्न घेत नाहीत. पाणीसुद्धा उकळलेलेच पितात. अहिंसेची त्यांची वाट चुलीवरून जाते. बुद्धांकडे देवदत्ताने भिक्षूंना मांस-मासे कायमचे वर्ज्य करा अशी मागणी केली, ती त्यांनी मान्य केली नाही. रामकृष्ण परमहंस आणि विवेकानंद मासे खात. गीतेचा सतरावा अध्याय सात्त्विक आहार सांगताना रसाळ, स्निग्ध, मनाला रुचणाऱ्या अन्नाबद्दल बोलतो. कच्चे तेच सात्त्विक असे तिथे कुठेही नाही. चरकसंहितेत तर क्षीण झालेल्याला मांसरस सांगितला आहे. इतक्या सगळ्यांच्या प्रार्थना देवापर्यंत पोचल्या नाहीत, असे तुमचे म्हणणे असेल तर ते कट्ट्याच्या बाजारात उभे राहून बोला.

आमच्याकडे संयम नाही, असे तुम्हाला वाटले. सोमवार, गुरुवार, संकष्टी, एकादशी, श्रावण पाळणारी घरे इथे वाडीवाडीत आहेत. माळ घातलेला वारकरी भाऊ आणि मासे खाणारा भाऊ एकाच घरात राहतात. भावजय आधी माळकऱ्याचे वेगळ्या भांड्यात करते, मग माशांचा तिकला फोडणीला घालते, आणि कोणी कोणाला स्मशान म्हणत नाही. राखणदार देवाला कोंबडा देणारे हात देवीला गोडाचा नैवेद्य दाखवतात. जवळच्या आंगणेवाडीत भराडी देवीच्या जत्रेला तिथल्या बायका प्रसाद रांधतात तो तोंडातून शब्द न काढता, मौन पाळून. भात रटरटतो आहे, शेकडो माणसे बाहेर खोळंबली आहेत, आणि आत चुलीपाशी कोणी बोलत नाही. ती साधना नाही तर काय आहे? त्या बायकांना तुम्ही 'मृत अन्नाच्या दासी' म्हणालात. हे वाक्य तीन वह्यांत आहे, म्हणून तुम्ही ते बोललात याबद्दल मला शंका नाही.

माशांची दया खरोखर येत असेल तर काम आहे. मालवणचे रापणकार आणि छोटे मच्छीमार कित्येक वर्षे पर्ससीन जाळ्यांच्या आणि एलईडी दिव्यांच्या नौकांविरुद्ध झगडत आहेत. केंद्राने 2017 मध्ये एलईडीच्या मासेमारीवर बंदी घातली, तरी त्यांची तक्रार संपलेली नाही. प्रखर उजेडाने पिल्लांसकट थवे उपसले जातात. वाटा विकत घेणाऱ्या बाईने एक बांगडा कमी खाल्ल्याने ते थांबत नाही. जून-जुलैची बंदी काटेकोर पाळली जावी म्हणून बंदरावर या, निवेदनावर सही करा. त्या लढ्यात तुमचा पांढरा कुडता आम्हाला एकदाही दिसलेला नाही. गरीब बाईला तिच्या ताटाची लाज वाटायला लावणे सोपे, म्हणून तुम्ही ते निवडलेत.

आता मागणी. कट्ट्यावर बॅ. नाथ पै सेवांगण आहे, चार माणसे बसून बोलू शकतील अशी जागा आहे. तिथे या. आम्ही डॉक्टर बोलावतो, तुम्ही तुमची पत्रके आणा. पुढच्या छपाईत पहिल्या पानावर ठळक अक्षरांत तीन गोष्टी घाला: चालू औषध डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नका, दूध, अंडी, मासे सगळे सोडत असाल तर बी-१२ घ्या आणि रक्त तपासत राहा, गरोदर बायका, लहान मुले आणि मधुमेही यांनी फक्त कच्च्यावर राहू नये. कडू दुधीचे वाक्य काढून टाका. ज्यांनी तुमच्या सांगण्यावरून गोळ्या टाकल्या, त्या सगळ्यांना तुमच्या माणसांनी स्वतः फोन करून त्या परत सुरू करण्यासाठी डॉक्टरांकडे पाठवावे. त्यांचे नंबर तुमच्या नोंदणीच्या रजिस्टरात आहेत, कारण शुल्क घेताना तुम्ही ते लिहून घेतले होते. मामीचा नंबर पहिल्या पानावर आहे. तिला इंजेक्शने सुरू आहेत, ती दुपारी घरीच असते. तिच्यापासून सुरुवात करा.

कट्ट्याची एक रहिवासी