शेठचा माणूस

आमच्या वरंधच्या तात्यांना कुणी ‘काय करता?’ विचारलं, तर ते शेतीचं नाव घेत नाहीत. भाताची दोन खाचरं आहेत, ती काकू आणि मुलगा बघतात. तात्या ‘शेठचे’ आहेत. शेठ म्हणजे भरतशेठ गोगावले. महाड-पोलादपुरात हे फोडून सांगावं लागत नाही. वाण्याच्या दुकानात कुणी ‘शेठ’ म्हटलं, तरी वाणी मान वर करत नाही. हाक आपल्याला नव्हे, हे त्याला कळतं.

शेठ 2009 साली पहिल्यांदा आमदार झाले आणि तेव्हापासून तात्यांचं व्याकरण बिघडलं. त्यांच्या तोंडी फक्त भविष्यकाळ उरला. ‘शेठ मंत्री होणार, मग बघ.’ घाटात दरड कोसळून भोरचा रस्ता बंद झाला, तरी ‘शेठ मंत्री होणार, मग बघ.’ 2014 ला शेठची शिवसेना सत्तेत गेली, पण शेठ आमदारच राहिले. 2019 ला थेट मुख्यमंत्रीच सेनेचा झाला, शेठही तिसऱ्यांदा निवडून आले, आणि जिल्ह्यातलं मंत्रिपद गेलं श्रीवर्धनला, आदिती तटकरे यांच्याकडे. त्या रात्री तात्या जेवले नाहीत, असं काकू सांगतात. म्हणजे भाकरी नको म्हणाले, भात खाल्ला.

मग जून 2022 आला. सेनेत शिंद्यांचं बंड: सुरत, गुवाहाटी. उभ्या जन्मात पुण्यापलीकडे न गेलेले तात्या घाटातल्या वाघजाईच्या देवळापाशी भज्यांच्या टपरीवर बसून गुवाहाटीच्या हॉटेलचं असं वर्णन करायचे, की ऐकणाऱ्याला वाटावं, दोन नंबरच्या खोलीत हेच होते. शेठ शिंदे गटाचे प्रतोद झाले. ‘प्रतोद म्हणजे काय हो?’ मी विचारलं. ‘चाबूक,’ तात्या म्हणाले. हा अर्थ त्यांना खरोखरच ठाऊक होता. पुढे 11 मे 2023 ला सर्वोच्च न्यायालयाने ती नेमणूक बेकायदा ठरवली. मला वाटलं, आता तात्या खचणार. तर म्हणाले, ‘दिल्लीच्या कोर्टात पाच न्यायाधीशांनी नाव घेतलं. तुझं घेतील?’

आणि कोट! मंत्रिपदाच्या शपथेसाठी शेठनी कोट शिवून ठेवलाय, ही गोष्ट सगळ्या महाराष्ट्राच्या तोंडी झाली. चॅनेलवाले माईक पुढे करायचे ते कोटाची खुशाली विचारायला. शेठही हसून उत्तर द्यायचे. हे मला त्यांचं आवडतं. आपल्यावरची थट्टा चालवून घेणारा पुढारी हल्ली दुर्मीळ. 9 ऑगस्ट 2022 ला अठराजणांनी शपथ घेतली, त्यात शेठ नव्हते. 2 जुलै 2023 ला अजितदादा आठजणांना घेऊन आले, त्यात पुन्हा श्रीवर्धन! गाव हसलं. तात्यांनी मात्र कारण शोधून काढलं. ‘शपथविधी पावसाळ्यात ठेवतात. कोट थंडीचा. कसं जमंल?’

मधे सप्टेंबर 2024 मध्ये शेठ एसटी महामंडळाचे अध्यक्ष झाले. त्याबद्दल तात्या फारसं बोलले नाहीत. फक्त महाडच्या गाडीत कंडक्टरकडे सुटे मागताना त्यांचा आवाज चढला.

शेवटी 15 डिसेंबर 2024. नागपूर, भर थंडी! तात्यांचा सिद्धांत खरा ठरला. सकाळीच त्यांनी ट्रंकेतून स्वतःचा लग्नातला कोट काढला. डांबराच्या गोळ्यांचा वास, बाह्या मनगटाच्या चार बोटं वर, एक बटण काकूंच्या पोलक्याचं. खांद्यावर शेठसारखा नॅपकीन. असे ते नाक्यावर टीव्हीसमोर बसले. शेठ उठले तसे तात्याही उठले, आणि मागच्यांना काही दिसेना. ‘बसा खाली!’ असा ओरडा झाला, त्यात शपथ कुणालाच ऐकू आली नाही.

खाती आली: रोजगार हमी, फलोत्पादन, खारभूमी. सह्याद्रीच्या पायथ्याला खारी जमीन कुठली? ती अलिबाग-पेणकडे. पण फलोत्पादनावर तात्या खूश झाले. रोजगार हमीतून फळबाग हा जुना जोड आहे. कोकणातल्या कितीतरी आंबा-काजूच्या बागा 1990 नंतर त्यातूनच उभ्या राहिल्या. तात्यांनी पन्नास कलमांची गोष्ट काढली. ग्रामसेवकाने शांतपणे सांगितलं, जॉबकार्ड लागेल, खड्डे खणावे लागतील, आणि लावलेली झाडं जगलेली दिसली तरच पुढचा हप्ता. तात्या म्हणाले, ‘खड्डे? मी?’

पंधरा वर्षांचं वाट बघायचं काम सुटलं होतं. रोजगार हमीच्या मंत्र्याच्या मतदारसंघात पहिला बेकार झाला तो त्यांचाच माणूस. नाक्यावर यायचे, पण बोलायला काही नसायचं. महिनाभरात गालफडं बसली.

18 जानेवारी 2025 ला पालकमंत्र्यांची यादी आली. रायगड: आदिती तटकरे. महाडला शेठच्या माणसांनी महामार्ग अडवला, आणि लगेच नेमणुकीला स्थगिती आली. दुसऱ्या दिवशी तात्या नाक्यावर हजर, डोळ्यांत तेज. ‘शेठ पालकमंत्री होणार, मग बघ.’

घरी काकू कोट घडी घालून ट्रंकेत ठेवत होत्या. त्यांना खुंटी रिकामी हवी होती.

‘घडी नको घालू,’ तात्या म्हणाले, ‘खुंटीलाच राहू दे.’