खड्ड्याची पावती

जगात जर्मनी अन् भारतात परभणी, हे आपण छाती फुगवून सांगतो. मग होऊनच जाऊ द्या तुलना! लाइपझिगजवळ कोस्पुडेनच्या बंद झालेल्या उघड्या कोळसा खाणीचं त्यांनी तळं केलं. काठाला उतार दिला, वाळू टाकली आणि २००० साली ते लोकांना पोहायला खुलं केलं. आपल्याला एवढा खटाटोप लागत नाही. पावसाळा लागला की जिंतूरकडच्या माळावरच्या सोडून दिलेल्या खदानी आपसूक भरतात. उद्घाटन म्हशी करतात, मागून पोरं.

फरक फक्त काठाचा. आपला काळा दगड उभाच्या उभा कापलेला. पाय सटकला की थेट दोन पुरुष पाणी, आणि भिंतीला बुळबुळीत शेवाळ. पोहता येणाऱ्यालाही बोटं रुतवायला फट सापडत नाही.

कायदा नाही असं नाही. कडा पायऱ्यापायऱ्यांनी किंवा उताराने राखा, खाण सोडताना कुंपण घाला, हे १९६१पासून खाणींच्या नियमावलीत आहे. पण खाणींच्या कायद्यातच बांधकामाच्या दगडाला पळवाट ठेवलीय. खोली ६ मीटरच्या आत, माणसं पन्नासच्या आत आणि स्फोटकं नाहीत, तर बहुतेक कलमं लागूच होत नाहीत. मग कागदावरची खदान वीस फुटांखाली उतरेल कशाला? सुरुंगाचा एक बार उडाला तरी ही सवलत जाते. तो बार वस्तीवरच्या भिंतींना ऐकू येतो, तडे जातात; कचेरीचे कान तेवढे शाबूत राहतात.

वसुलीला मात्र हेच कान तिखट. दगड-मुरमाची रॉयल्टी २०२१ मध्ये ब्रासमागे ४०० वरून ६०० रुपये झाली. चोरून नेलात तर बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड, शिवाय हायवा ट्रक जप्त. बाहेर गेलेल्या दगडाचा हिशेब ब्रासवर चालतो. मागे तेवढ्याच ब्रासचा खड्डा उरतो, त्याची पावती कुणाच्याच नावे फाटत नाही.

चालू क्रशरची तऱ्हा आणखी न्यारी. परवानगीच्या अटींत पाण्याचे फवारे, वारा अडवणारी भिंत, भोवती झाडं, सगळं असतं. शेजारच्या रानात बोंड फुटतं पांढरं आणि वेचणीला येईस्तोवर होतं राखाडी. फवारे सुरू होतात ते साहेबांची जीप फाट्यावर वळली की.

आणि पोरगं बुडालं तर? ठाण्यात नोंद होते ‘आकस्मिक मृत्यू’. खदान त्यात फक्त घटनास्थळ. २००९ मध्ये जर्मनीतही नाख्टरश्टेटला अशाच एका तळ्याचा काठ खचला, घरं पाण्यात गेली, तिघं दगावले. त्यांनी ते तळं दहा वर्षं बंद ठेवलं. आपण पंचनामा आटपेपर्यंत ठेवतो.

उपाय महाग नाही. नव्या परवान्याच्या अर्जाला जुन्या खड्ड्याचा फोटो जोडायला लावा, कुंपणासकट. कुंपण नाही तर परवाना नाही. मग बघा तारा कशा रातोरात ताणल्या जातात. एका रात्रीत अर्धी टेकडी उचलून नेणाऱ्यांना चार खांब रोवणं काय जड आहे?