पारसिकच्या पलीकडे रमलेल्या खाऱ्या वाऱ्यांस

श्रीमान खारे वारे यांसी,
मु. पो. अरबी समुद्र

सा. न. वि. वि.

पाडव्याच्या आठवड्याचा हवामान अंदाज वाचला. आकाश निरभ्र, कमाल तापमान तेहतीस-चौतीस, दुपारनंतर समुद्राकडून वारे. वाचून अंगावरून मोरपीस फिरलं. एवढ्या कृपेबद्दल समक्ष आभार मानावेत म्हणून भर दुपारी शहाड स्टेशनच्या फलाटावर उभा राहिलो. टिटवाळा लोकलची वाट बघायची होतीच, सोबत तुमचीही बघितली. लोकल आली.

तुमच्या कामाची पद्धत आम्हाला ठाऊक आहे, शाळेत पाठ करून घेतली होती. सकाळी जमीन समुद्रापेक्षा लवकर तापते, तिच्यावरची हवा हलकी होऊन वर जाते आणि तिची जागा घ्यायला समुद्रावरून तुम्ही निघता. भूगोलाच्या पुस्तकात याचं चित्र असायचं: लाटा, किनारा, एक नारळाचं झाड आणि जमिनीकडे जाणारा बाण. बाण नारळापाशी संपायचा. चित्रकाराला शहाड माहीत नसेल, ते समजू शकतो. तुमचं काय?

मुंबईत मात्र तुमची हजेरी बघण्यासारखी. अकरा-बाराच्या सुमाराला कुलाबा, मग वांद्रे, सांताक्रूझ. आता योगायोग बघा, मुंबईचं तापमान म्हणून जे आकडे सांगतात ते नेमके कुलाबा आणि सांताक्रूझचे. कुलाब्याची वेधशाळा 1826 मधली, म्हणजे कल्याणला आगगाडी आली 1854 मध्ये, त्याच्याही आधीची. तपासनीस कुठे बसतो हे तुम्ही दोनशे वर्षांपूर्वीच हेरून ठेवलंत आणि त्याच्यासमोर गुणी बाळासारखे वागत आलात. या दोन ठिकाणांचं एकमेकांशी तरी किती जुळतं? 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 944 मिलिमीटर पाऊस पडला आणि त्याच दिवशी कुलाब्यात पंचाहत्तरच्या आसपास. एकाच शहरातली ही तऱ्हा. तरी त्यांच्या आकड्यांवरून आम्ही पन्नास-साठ किलोमीटरवर छत्री घ्यायची की टोपी ते ठरवतो.

तिथून पुढचा तुमचा प्रवास रमतगमत होतो. तापलेल्या डांबरावरून, सिमेंटच्या टॉवरांमधून, ठाण्याच्या खाडीवरून येता येता तुम्ही पारसिकच्या डोंगराशी दमता. दिवा, डोंबिवली, कल्याण करत आमच्याकडे पोचेपर्यंत पाच-साडेपाच. तोवर गारवा वाटेतच वाटून झालेला असतो, हातात उरतो तो दमटपणा. आंबा मुंबईने खायचा आणि कोय शहाडला पाठवायची, असा हा व्यवहार.

तुमच्या गैरहजेरीत इथे राज्य कोणाचं असतं, तेही कानावर घालतो. शहाडच्या पुलावरून जो कल्याण-नगर रस्ता जातो, त्याच रस्त्याने सरळ वर गेलं की माळशेज घाट. त्या बाजूने पूर्वेचे वारे खाली उतरतात. कोरडी हवा हजार मीटर खाली आली की दाबाने सुमारे 10 अंशांनी तापते. म्हणजे दख्खनच्या पठारावर आधीच भाजलेली हवा घाट उतरताना पुन्हा एकदा भाजून घेते आणि मुरबाडमार्गे आमच्या खिडकीत येते. मार्चमध्ये हे पाहुणे जोरात असले की तुम्ही समुद्रावरच थबकता. दोन वाजले, तीन वाजले, तुमचा पत्ता नाही. अशाच एका दिवशी, 28 मार्च 1956 ला, सांताक्रूझचा पारा 41.7 वर गेला आणि मार्चचा विक्रम म्हणून त्याची नोंद झाली. मुंबईचा तो विक्रम. कल्याण-बदलापूर पट्ट्यात मार्च सरता सरता चाळिशी गाठणारी दुपार म्हणजे, काय सांगायचं, एखादा साधासुधा मंगळवार.

सरकारदरबारी तर आम्ही तुमचेच शेजारी! 2014 मध्ये पालघर वेगळा झाल्यावर ठाणे जिल्ह्याकडे समुद्र उरला तो उत्तन-भाईंदरच्या बाजूचा. पण तेवढ्यावर जिल्हा किनाऱ्याचा. उष्णतेच्या लाटेचा निकष किनाऱ्यासाठी 37 अंश आणि सरासरीहून किमान साडेचार अंश जास्त, मैदानासाठी निदान 40. आम्हाला लाटा मिळतात त्या अशा, इशाऱ्यातल्या.

आमच्यापुरता आठवड्याचा अंदाज आम्हीच काढला आहे. पाडव्याला गुढी उभारेपर्यंत हवा छान. डोंबिवलीने 1999 मध्ये स्वागतयात्रा सुरू केली ती सकाळची ठेवली, यातच त्या लोकांचा शहाणपणा दिसतो. नऊनंतर फेट्याखालून घाम आणि नऊवारीतल्या मुलींच्या हातात ढोल सोडून पाण्याची बाटली. अकराला रिक्षावाले झाडाची सावली बघून रांग लावणार, भाडं कुठलंही असो. एक ते चार या वेळात सर्वात वरच्या मजल्यावरचा पंखा स्लॅबची धग इमानेइतबारे खाली ढकलणार. रसवंतीवाल्याचं घुंगरू थांबणार नाही. साडेपाचला आपलं आगमन, खडखडीत वाळलेले कपडे पुन्हा दमट. बुधवार, गुरुवार, शुक्रवार, वरीलप्रमाणे. शनिवारी थोडे ढग दिसतील, त्यांच्याकडे लक्ष देऊ नये.

पहाट मात्र आमची मुंबईपेक्षा गार असते, हे कबूल. पण त्याचं श्रेय घ्यायला पुढे येऊ नका. समुद्र लांब आहे म्हणून जमीन रात्री लवकर निवते. म्हणजे तुमच्यामुळे आमचं भलं होतं ते तुम्ही नसता तेव्हा.

एका गोष्टीत मी तुमच्यावर ठपका ठेवणार नाही. 16 एप्रिल 2023 ला खारघरच्या मैदानात महाराष्ट्र भूषण पुरस्काराच्या सोहळ्याला लाखो माणसं उघड्यावर बसली होती आणि उष्माघाताने 14 जण गेले. एप्रिलची दुपार कशी असते हे सांगायला वेधशाळा लागत नाही. ती वेळ वाऱ्याने ठरवली नव्हती. तुमच्या नावाने खडे फोडणं सोपं, कारण तुम्ही उत्तर देत नाही. मांडव घालणं, पाणी ठेवणं, कार्यक्रम संध्याकाळी घेणं ही माणसांची कामं होती.

तेव्हा मागणी फार नाही. आठवड्यातून दोन दिवस तरी दुपारी दोनच्या आत या. पारसिकच्या बोगद्यातून आगगाड्या 1916 पासून जातात, मग तुम्हालाच डोंगराचं कारण कसं चालेल? येताना निम्मा गारवा राखून आणा. तेही जमत नसेल तर अंदाजात 'समुद्राकडून वारे' च्या पुढे 'ठाण्यापर्यंत' असा शब्द घालायला सांगा, म्हणजे आम्ही खिडक्या उघडून बसणार नाही.

आपला,
एक शहाडकर

ता. क. तुमचे थोरले बंधू, नैर्ऋत्य मोसमी वारे, त्याच समुद्रावरून येतात आणि पारसिकला जुमानत नाहीत. मुंबईत त्यांची ठरलेली तारीख 11 जून, तरी 2025 मध्ये 26 मे लाच हजर झाले. आले की उल्हास नदीला आमच्या दारापर्यंत घेऊन येतात, ते पत्र त्यांना वेगळं लिहीन. पण वेळेच्या आधी यायचं कसं, हे त्यांना विचारून घ्या.