भट्टीतला म्हातारा

"झालं का वाचून?" कपडे वाळत घालता घालता वहिनींनी कुंपणापलीकडून विचारलं. कॅथरीन आर्डेनचं 'द बेअर अँड द नाइटिंगेल' त्यांनीच दिलेलं, सुनेच्या कपाटातून हळूच काढून.

"झालं. पण सुरुवातीला नावांनीच जीव खाल्ला. वासिलिसाची वास्या काय, अलेक्सान्द्रचा साशा काय!"

"आमच्या पुरुषोत्तमाचा पुऱ्या होतोच की."

"तो घरचा हो, त्याला चेहऱ्याने ओळखतो आपण."

एकदा ते घर ओळखीचं झालं, की मात्र सुटवत नाही. १४व्या शतकातला रशिया, उत्तरेचं जंगल, आणि सगळं घर एका अवाढव्य भट्टीभोवती. वर अंथरूण घालून झोपतात माणसं! आत राहतो दोमोवोय. एवढासा, दाढीवाला, घर राखणारा.

"आपल्या राखणदारासारखा?"

"राखणदार शिवेवरचा, हा स्वयंपाकघरातला. पावाचा तुकडा ठेवला की खूश. मग येतो तो पाद्री, कॉन्स्तान्तिन. देखणा, देवाची चित्रं काढणारा. म्हणतो, हे सगळं सैतानाचं. लोक घाबरून तुकडा ठेवेनासे होतात आणि म्हातारा झुरायला लागतो. खोटं कशाला सांगू, तिथे माझे डोळे भरले."

"आणि ती सावत्र आई?" वहिनींचा आवाज खाली आला, जणू आन्ना मागच्या गल्लीतच राहते.

"अहो, मॉस्कोच्या राजाची लेक ती. मठात जायचं होतं तिला, बापाने लग्न लावून रानात धाडली. वास्यासारखीच तिलाही ही भुतं दिसतात, पण पोरगी त्यांच्याशी गप्पा मारते आणि ही देवळात जाऊन थरथरत बसते. एवढं चांगलं पात्र, पण पुढेपुढे नुसती खाष्ट करून टाकली."

"शेवट आवडला ना?"

"कसला! इतका वेळ मंद आचेवर दूध आटवलं आणि शेवटी भसकन उतू घालवलं. अस्वल काय, मढी उठतायत काय, तो हिमराजा मोरोझ्को काय, नुसती धुमाळी. त्यात एक दुन्या तेवढी लक्षात राहिली."

"ती गोष्टी सांगणारी म्हातारी दाई?"

"तीच. मेल्यावर परत येते ती. त्या रात्री दिवा चालू ठेवून झोपले मी. घरातलं माणूस आलं की भीती वाटते हो, अस्वल जंगलातलं."

"मग पुढचे दोन भाग नकोत ना? तीन आहेत म्हणे."

"नको कधी म्हटलं?" मी पुस्तक कुंपणावरून दिलं. "फक्त सुनेला दाखवण्याआधी मधलं एक पान बघा. हळदीचं बोट उमटलंय. दोमोवोयने केलं म्हणून सांगा."