काळ्या गुळाचे भाग्य

कोल्हापूरच्या गुऱ्हाळघरांत गुळाला सुवर्णकांती यावी म्हणून हायड्रॉस या रासायनिक पावडरीचा आश्रय घेतला जाऊ लागला तो ज्या गिऱ्हाइकाच्या हट्टापायी, तेच गिऱ्हाईक आता त्या पिवळ्या ढेपेकडे आरोपीकडे पाहावे तसे पाहते. आणि पूर्वी नाक मुरडून परत पाठविलेला काळपट गूळ ‘सेंद्रिय’ अशा हिरव्या अक्षरांच्या बरणीत बसून आला, की वाढीव दाम बिनतक्रार मोजते. बरणीवर सेंद्रिय मालासाठीची ‘जैविक भारत’ ही सरकारी मुद्रा आहे काय, याची चौकशी मात्र सहसा होत नाही; सुतळीची गाठ आणि बैलाचे चित्र, एवढा पुरावा पुरतो. उलट, आपल्या शेतातला माल थेट विकणाऱ्या लहान उत्पादकास सेंद्रिय अन्नाबाबतच्या २०१७ च्या नियमांनी प्रमाणपत्राची सक्ती केलेली नाही, आणि नेमकी त्याच बिचाऱ्याकडे, पाव किलो गुळासाठी, सरकारी दस्तऐवजाची मागणी होते. शिवाय भावात घासाघीस आहेच.