पाटी धरा, मग जेवा

‘काशीत राजा घाटावर तुमच्या नावाने अन्नदान, फोटोसह.’ हा निरोप ज्यांना व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला नाही, त्यांचे पितर बहुधा अजून हयात असावेत.

संस्था छोटी. म्हणजे अध्यक्ष, त्यांचे मेहुणे आणि एक पांढरी पाटी. पाटीवर मार्करने दात्याचं नाव, गोत्र आणि ‘कै. मातोश्रींच्या स्मरणार्थ’ एवढं लिहितात. पत्रावळीवर पुरी-भाजी वाढली, की जेवणाऱ्याने पाटी छातीशी धरायची, गंगेकडे पाठ करायची आणि तृप्त दिसायचं. मग फडक्याने नाव पुसून दुसरं, असं सात नावांपर्यंत. पत्रावळ तीच, माणूस तोच. मला आलेल्या आणि आमच्या साडूंना आलेल्या फोटोत तर बटाटाही एकच आहे. डाव्या अंगाला काळा डाग आहे, म्हणून ओळखला. एका बटाट्यावर दोन घराण्यांच्या मातोश्री जेवल्या. हिशेब विचारला, तर ‘एवढीशी संस्था, सगळं सेवाभावाने चालतं’.

या राजा घाटाला पूर्वी अमृतराव घाट म्हणत. रघुनाथराव पेशव्यांचे हे दत्तक पुत्र अमृतराव १८०३ नंतर ईस्ट इंडिया कंपनीकडून सालिना सात लाखांची नेमणूक घेऊन काशीकडे आले. त्यांच्या दानाची रीत इंग्रज बिशप हेबरने १८२४च्या प्रवासात टिपून ठेवली आहे. वर्षातून एक दिवस, शहराबाहेरच्या बागेत, येईल त्या ब्राह्मणाला, आंधळ्या-पांगळ्याला ताटभर तांदूळ आणि एक रुपया. घेणाऱ्याला मात्र दिवसभर बागेतच बसवून ठेवत, एकाने दोनदा घेऊ नये म्हणून. आता घेणारा एकदाच घेतो आणि दान सातदा होतं. त्याला कोंडावंही लागत नाही. भाजी समोर ठेवल्यावर तो जाणार कुठे?

बटाटा गेला खड्ड्यात. भुकेल्या माणसाला पानावर बसवायचं, सातवं नाव लिहून होईपर्यंत घासाला हात लावू द्यायचा नाही, आणि वर ‘बाबा, जरा हसा’ म्हणायचं! आमच्या आजीने हे पाहिलं असतं, तर अध्यक्षांच्या पाठीत उलथनं घातलं असतं. दुसरं आम्हा दात्यांच्या. कारण आम्ही फोन करून विचारतो ते एकच, करसवलतीची, ८०जीची पावती मिळेल ना? दोन हजारांवरची रक्कम रोख दिली तर सवलत बुडते, हे आम्हाला तोंडपाठ. पुरी गार झाली होती का, हे आजवर एकाही दात्याने विचारलेलं नाही.

परवा नवी योजना आली. व्हिडिओ. जेवणारा तुमचं नाव स्वतःच्या तोंडाने घेणार, शंभर रुपये जास्त. साडूंनी दोन सांगून ठेवलेत.